गोयाच्या बैलांसाठी एक दगड: शिळाछापाच्या प्रकल्प नोंदी

कशासाठी

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयानं 1825 मध्ये, वयाच्या 79व्या वर्षी, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात बुलफाइटची चार चित्रं लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर काढली. तिथल्याच सिप्रियाँ गोलों या मुद्रकानं त्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येकाच्या 100 प्रती छापल्या. 2025 मध्ये त्याला 200 वर्षं होतायत. तेवढ्या निमित्तानं आमच्या स्टुडिओत ठरलं की चारांतलं एक, 'दिबेर्सिओन दे एस्पान्या' म्हणजे 'स्पेनची करमणूक', दगडावरच उतरवून बघायचं.

लिथोत चुनखडीच्या दगडावर तेलकट क्रेयॉननं काढतात; दगड ओला ठेवून रोलर फिरवला की शाई फक्त तेलकट जागी धरते. ते शिकताना पहिल्या दिवसापासून एकच ऐकवलं जातं: दगडाचा पांढरा जपा, एकदा क्रेयॉन लागला की तो गेला. गोयाचं सगळं उलट. लोराँ मातरों यानं 1858 मध्ये लिहिलेल्या गोयाच्या चरित्रात त्याची रीत दिलीय. दगड इझलवर कॅनव्हाससारखा उभा. काम उभ्यानं, सारखं मागं जाऊन बघत. क्रेयॉनला टोक काढायचं नाही, तो ब्रशसारखा चालवायचा. आधी अख्खा दगड एकसारखा करडा करून घ्यायचा आणि मग जिथं उजेड हवा तिथं खरवडायचं: इथं एक डोकं, तिथं एक घोडा, तिथं बैल. शेवटी सावल्या आणि हालचाल पुन्हा क्रेयॉननं.

चार ओळीत वाचून संपतं. करताना जे बिघडतं त्याबद्दल मला मराठीत काही सापडलं नाही, म्हणून या नोंदी. नक्कल कुठं खरी म्हणून फिरू नये यासाठी माप मुळापेक्षा (सुमारे 30 बाय 41 सेंटिमीटर) दोन्हीकडून दोन सेंटिमीटर कमी धरलंय. मागं पेन्सिलनं 'सरावाची नक्कल' असं लिहिणार.

6 जुलै 2025

दगड आले. लेबलं छापणारा एक जुना छापखाना कधीच बंद पडला, त्याचं सामान भंगारात निघालं, त्यातले दोन. मोठा निळसर करडा, 41 बाय 51 सेंटिमीटर, साडेसहा जाड, वजन पस्तीस किलोच्या घरात. छोटा पिवळा. मोठ्याचे 8,500, छोट्याचे 3,000, टेम्पो 700. भंगारवाल्याला तो पाटा-वरवंट्याचा दगड वाटत होता, तोवर भाव बरा होता. मी दोनदा पाणी मारून रंग बघितला आणि त्याला वास आला.

करडा दगड कठीण असतो, बारीक टोन धरतो. पिवळा मऊ. चाचण्या पिवळ्यावर, चित्र करड्यावर. हा बव्हेरियातल्या सोल्नहोफनचा चुनखडीचा दगड, आपल्याकडच्या रविवर्मा प्रेसनंही जर्मनीहूनच दगड आणले होते. दोन्हींवर जुन्या लेबलांची उलटी अक्षरं अजून दिसतायत.

जाडी चारही कोपऱ्यांवर कॅलिपरनं मोजली. मोठ्याच्या एका कोपऱ्यात दीड मिलिमीटरचा फरक. असा दगड तसाच प्रेसखाली घातला तर दाब एका बाजूला येऊन तो दुभंगू शकतो, म्हणून ही गोष्ट आधी.

12 जुलै

घासणी. कार्बोरंडम म्हणजे घासायची कठीण भुकटी: आधी जाड 80 नंबर, मग 150, मग बारीक 220. लेव्हिगेटर, म्हणजे हातानं फिरवायची जड चकती, आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, भुकटी राखाडी चिखलासारखी झाली की धुवून नवी घालायची. उंच कोपऱ्यावर जास्त फेऱ्या. सपाटी बघायची साधी युक्ती: दगडावर लोखंडी पट्टी उभी धरायची, तिच्याखाली वर्तमानपत्राच्या पातळ पट्ट्या ठेवायच्या आणि एकेक ओढायची. मधली सुटते आणि कडेची अडकते म्हणजे मध्ये खळगा आहे.

पावसाळ्यात हे काम करू नका असं सर म्हणाले होते. पाणी मुबलक, पण दगड वाळत नाही आणि ओल्या दगडावर ग्रेन, म्हणजे घासून आलेला बारीक खरखरीतपणा, नीट दिसत नाही. हेअर ड्रायर लावून तिरप्या उजेडात बघितल्यावर 80 नंबरचे दोन लांब ओरखडे राहिलेले दिसले. कडेच्या गोलाईत अडकलेला जाड कण 220च्या वेळी बाहेर येतो आणि ओरखडा काढतो. आता प्रत्येक नंबरानंतर दगडाच्या कडा, टेबल, लेव्हिगेटरची खालची बाजू आणि स्वतःचे हात, सगळं धुतेय. पुन्हा 150पासून.

20 जुलै

पिवळ्या दगडावर पहिली चाचणी. गोयासारखा करडा थर चढवायचा म्हटल्यावर वाटलं होतं की क्रेयॉन आडवा धरून फासायचा. तसा फासला की हाताची प्रत्येक घासणी वेगळी दिसते आणि छापल्यावर पट्टे पडतात. कडक क्रेयॉननं, हलक्या हातानं, चार दिशांनी एकमेकांवर फिरत गेलं की थर एकसारखा होतो. वेळखाऊ आहे. तळहाताएवढ्या चौकोनाला पाऊण तास लागला, तोही सरांनी मागून सतत "दाब कमी, दाब कमी" म्हटल्यावर.

करडा थर दगडाचं सगळं उघड करतो. नेहमीच्या रेखाटनात जे दोष पांढऱ्यात लपून जातात ते इथं चव्हाट्यावर येतात: बोटाचा ठसा, शिंकेचे थेंब, केसातला कोंडा. हे विनोद नाहीत. कोंड्यात तेल असतं, तो दगडावर पडला की काळा ठिपका छापतो. केसांना रुमाल बांधून काम करतेय.

त्या चौकोनात खरवडायची हत्यारं एकेक करून लावली.

दाढीचं ब्लेड, आडवं धरून: थर वरवर निघतो, ग्रेनच्या खळग्यांत थोडा राहतो. गढूळ उजेड मिळतो. धूळ, दूरचे प्रेक्षक यासाठी छान.

सर्जिकल ब्लेड, टोकानं: स्वच्छ पांढरी रेघ, पण दगड खणला जातो.

एचिंगच्या तांब्याच्या प्लेटसाठी वापरतो तो त्रिकोणी स्क्रेपर: सगळ्यांत चांगला. रुंद ते अरुंद असा उजेड एकाच फटक्यात.

सुई: बारीक केसासारख्या रेघा, बैलाच्या पाठीवरची चमक, दोऱ्या.

सँडपेपर: नको. करड्याचा चिखल होतो.

स्क्रेपर हातात आला आणि गोयाला ही रीत कुठून सुचली असेल ते लक्षात आलं. 'ला ताउरोमाकिया' ही बुलफाइटच्याच 33 तांब्याच्या प्लेटांची मालिका त्यानं 1816 मध्ये काढली होती. तिथंही ॲक्वाटिंटचा, म्हणजे ॲसिडनं प्लेटवर आणलेल्या सलग टोनचा, गडद थर आधी चढवून नंतर घोटून उजेड काढलाय. बोर्दोला आल्यावर, 1824-25च्या हिवाळ्यात, त्यानं हस्तिदंताच्या तुकड्यांवर छोटी चित्रं केली, त्यांतही तुकडा काळा करून पाण्याचा थेंब सोडायचा आणि काळा हटवत आकार काढायचा. म्हणजे दगड नवा असला तरी हाताची सवय जुनी होती. माझी सवय मात्र पांढऱ्यावर काळं करण्याची, आणि ती दर पाच मिनिटांनी आडवी येते.

27 जुलै

चाचणी छापली. वाया.

बाभळीचा डिंक 30 मिली, त्यात नायट्रिक ॲसिडचे 12 थेंब, असा एच (चित्र पक्कं करून मोकळ्या जागी शाई धरू न देणारं मिश्रण) पूर्ण चाचणीवर सारखा लावला होता. खरवडलेल्या रेघा स्वच्छ पांढऱ्या आल्या, पण करडा थर जळाला. जिथं सलग टोन होता तिथं मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. पिवळ्या दगडाला 12 थेंब जास्त झाले.

डिंकाबद्दल: किराणा दुकानात लाडवाचा म्हणून मिळतो तो धावड्याचा डिंक घेऊ नका, तो पुरता विरघळत नाही. बाभळीचा मागून घ्या, रात्रभर भिजवा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. पावसाळ्यात दोन दिवसांत आंबतो. आंबलेल्याची आम्लता वेगळी असते आणि मग थेंबांचा हिशेब चुकतो. मी आता लागेल तेवढाच भिजवते.

2 ऑगस्ट

थेंब कमी करून पुन्हा. 30 मिलीला 5. आता करडा सुंदर आला आणि खरवडलेल्या रेघा दोन-तीन प्रूफांनंतर, म्हणजे चाचणीच्या छापांनंतर, भरायला लागल्या. स्क्रेपरनं क्रेयॉन निघतो, पण त्याचा तेलकट अंश दगडाच्या भुकटीबरोबर रेघेत दाबला जातो. एच कमजोर असला की तो अंश जिवंत राहतो आणि रोलर फिरेल तशी शाई ओढतो.

हीच या पद्धतीची खरी गाठ आहे. एकच एच दोन्हींना पुरत नाही. जो करड्याला सोसतो तो उजेडाला अपुरा, जो उजेडाला पुरतो तो करड्याला जाळतो.

3 ऑगस्ट

सरांनी सांगितलेला उपाय चालला. आधी राळेची बारीक पूड, मग शंखजिरं, दोन्ही कापसानं हलकेच. नुसत्या डिंकाचा थर संपूर्ण दगडावर. तो ओला असतानाच बारीक ब्रशनं फक्त खरवडलेल्या जागी जोरदार एच, 30 मिलीला 15 थेंब, बुडबुडे दिसेपर्यंत. मग उरलेल्या भागावर 5 थेंबांचा, आणि शेवटी सगळं एकत्र फिरवून मलमलनं कोरडं घोटायचं. राळ वापरताना तोंडाला मास्क, आणि ॲसिड डिंकात घालायचं, खिडक्या उघड्या ठेवून.

वीस प्रूफांनंतरही उजेड उघडाच राहिला. मात्र पिवळ्या दगडाच्या करड्यातून जुन्या लेबलाची 'सुगंधी' ही उलटी अक्षरं हळूहळू वर आली, छापताना अर्थातच सुलटी. घासून दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं नाही, तेल खोल मुरलेलं असतं. मोठा दगड पुन्हा 80पासून घासायला घेतला. ओल्या दगडावर अक्षरांची सावली पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं. यात जवळजवळ पूर्ण आठवडा गेला आणि कार्बोरंडमचे 900 रुपये.

15 ऑगस्ट

ट्रेसिंग. मूळ चित्राच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा काही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची घेतली, आरशासारखी उलटी करून छापून घेतली. दगडावर उलटं काढलं तरच कागदावर गोयाच्या बाजूनं येणार. ट्रेसिंग पेपरच्या मागं गेरू चोळला. गेरूत तेल नसतं, तो छापत नाही. कार्बन पेपर अजिबात नको, तो मेणकट असतो.

चित्रात काय आहे ते ट्रेस करताना खरं दिसलं. हे मोठ्या मातादोरांचं, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्या पेशेवर लोकांचं, चित्र नाही. रिंगणात हौशी माणसं घुसलीयत आणि एकाहून अधिक तरुण बैल सोडलेत. गोयानं डिसेंबर 1825 मध्ये पॅरिसला होआकीन मारिया फेरेर या स्नेह्याला नमुना पाठवताना त्याला तरुण बैलांचीच झुंज म्हटलंय. माणसं पळतायत, पडतायत, मागं प्रेक्षकांची दाटी. कुणाचाच चेहरा पूर्ण नाही. दोन फटके खरवडले की डोकं, एक काळा ठिपका टाकला की तोंड. इतक्या कमीत माणूस उभा राहतो हे बघून मी ट्रेसिंगमधल्या निम्म्या रेघा गाळल्या.

बैलांनी वेगळाच त्रास दिला. माझा हात खिलार बैलावर तयार झालाय, त्यामुळे खांद्यावर आपोआप वशिंड चढतं. स्पॅनिश झुंजीच्या बैलाला वशिंड नसतं. त्याच्या मानेमागचा स्नायू फुगलेला असतो, तो उंचवटा बराच पुढं, डोक्याच्या जवळ येतो. पहिल्या ट्रेसिंगमध्ये माझे बैल बेंदराच्या मिरवणुकीतून सुटून रिंगणात आल्यासारखे दिसत होते. पुन्हा काढले.

17 ऑगस्ट

दगड उभा करायचा प्रश्न. पस्तीस किलो इझलवर पेलत नाही. सुताराकडून सागवानी पट्ट्यांची चौकट करून घेतली, भिंतीला किंचित तिरपी टेकवून तळाशी पाचर ठोकली. 1,400 रुपये. दगड चढवायला दोन माणसं, पाठीला पट्टा.

दगड उभा करणं ही मला आधी म्हाताऱ्या गोयाची हौस वाटली होती. तासाभरात मत बदललं. आडव्या दगडावर खरवडलेली तेलकट भुकटी तिथंच पडून राहते, हात फिरला की पुन्हा करड्यात दाबली जाते. उभ्या दगडावर ती खाली गळते. शिवाय उभ्यानं काम करताना हात दगडावर टेकता येत नाही, त्यामुळे घामाचे ठसे पडत नाहीत आणि रेघ मनगटाऐवजी खांद्यातून येते. ज्यांना ही रीत करून बघायचीय त्यांनी बाकी काही गाळा, दगड उभा करणं गाळू नका.

मातरों म्हणतो की गोया हे सगळं मोठ्या भिंगातून करत होता, ते बारकाव्यासाठी नव्हे, तर नजर अधू झाल्यामुळे. ऐकू येणं तर 1793च्या आसपासच गेलेलं. फेरेरला डिसेंबर 1825 मध्येच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की नजर नाही, हाताला स्थिरता नाही, लेखणी नाही, दौत नाही, उरलीय ती फक्त इच्छा, आणि ती हवी त्याहून जास्त.

24 ऑगस्ट

करडा थर पूर्ण. कडा दोन सेंटिमीटर डिंकानं बंद करून घेतल्या होत्या, नाहीतर रोलरची शाई तिथं धरते. कडक क्रेयॉनच्या चार कांड्या संपल्या. आयात केलेल्या, एक 280ला.

उजव्या वरच्या कोपऱ्यात थर जरा दाट झालाय. काढायला गेलं तर डाग पडेल, म्हणून ठेवला. तिथं नाहीतरी प्रेक्षकांची गर्दी आहे.

गणपतीत स्टुडिओ बंद. दगडावर लाकडी खोका उलटा घालून त्यावर प्लास्टिक, आतल्या बाजूनं काहीही दगडाला टेकणार नाही असं.

13 सप्टेंबर

खरवडणं दोन शनिवारांत झालं, आणि या प्रकल्पातलं निर्भेळ मजेचं काम एवढंच. आधी रिंगणाची जमीन: आडव्या ब्लेडनं मोठे, सैल फटके, म्हणजे धूळ. मग पुढची माणसं स्क्रेपरनं. गर्दी शेवटी.

गर्दीत मी अडकले. एकेक प्रेक्षक वेगळा काढला की सगळे कवायतीला बसल्यासारखे दिसतात. दहा पावलं मागं जाऊन मूळ प्रतिमा बघितली तर तिथं प्रेक्षक नाहीतच, फक्त लहानमोठे उजेडाचे तुकडे आहेत आणि त्यांच्यामधला करडा आपणच माणूस म्हणून वाचतो. मग सुई बाजूला ठेवून स्क्रेपरचा बोथट कोपरा घेतला.

एक चूक ज्यावर इलाज नाही: मधल्या बैलाची पाठ जास्त खोल खणली गेली. वाटलं, तिथं पुन्हा क्रेयॉन लावून टोन आणू. खरवडलेल्या जागी ग्रेन उरत नाही, दगड काचेसारखा गुळगुळीत होतो आणि क्रेयॉन टेकण्याऐवजी घसरून लेप बसतो. तो लेप छापताना काळा डाग होणार. ब्लेडनं परत काढला. ती पाठ मुळापेक्षा उजळ राहणार.

म्हणजे क्रम असा: मऊ, काळ्या क्रेयॉनचे जोरकस फटके जिथं यायचेत तिथला करडा आधी शाबूत ठेवायचा. काळ्याला बसायला ग्रेन हवाच.

20 सप्टेंबर

मऊ क्रेयॉननं सावल्या, बैलांची शिंगं, पळणाऱ्यांचे पाय. टोक न काढलेला क्रेयॉन वापरायला सुरुवातीला हात धजत नाही. जाड रेघ बरोबर जागी पडली नाही तर ती झाकता येत नाही. पण टोकदार क्रेयॉननं काढलेले पाय मेलेले दिसत होते.

संध्याकाळी एच. करडा दगड कठीण, म्हणून चाचणीपेक्षा जोर वाढवला: करड्या भागावर 8 थेंब, गडद सावल्यांवर 12, खरवडलेल्या उजेडावर 18. सगळं 30 मिली डिंकाला. रात्रभर तसाच ठेवला.

21 सप्टेंबर

टर्पेंटाइननं चित्र धुतलं. हा क्षण माहीत असूनही पोटात गोळा येतो, कारण तेलकट अंश दगडात राहिला तरी वर काहीच दिसत नाही. अस्फाल्टम (डांबरासारखा तेलकट द्रव) चोळलं, पाणी फिरवलं, चामडी रोलरनं कडक काळी शाई. चित्र वर आलं.

पहिली प्रूफं न्यूजप्रिंटवर. करडा पोत बरोबर, उजेड उघडे, लेबलाची अक्षरं नाहीत. दोष: पुढच्या बाजूला जोर कमी. मुळात पुढच्या माणसांच्या आणि बैलांच्या कडांना दाट काळ्याचे तुकडे आहेत, माझं चित्र मध्यम करड्यातच अडकलंय. दगड उभा असताना काळं पुरेसं वाटलं होतं. दगडावर ते आहे त्याहून दाट भासलं असावं.

28 सप्टेंबर

एच झालेल्या दगडावर नवीन क्रेयॉन घ्यायचा तर दगडाला पुन्हा तेल धरायला लावावं लागतं. त्यासाठी तुरटीचं गाढ पाणी, त्यात नायट्रिकचे अगदी थोडे थेंब. पूर्ण दगडावर फिरवलं, धुतलं, वाळवलं, पुढच्या भागात मऊ क्रेयॉननं काळं भरलं, पुन्हा एच.

छापल्यावर काळं झकास आलं आणि गर्दीतले सगळे बारीक उजेड बंद. तुरटीच्या पाण्यानं क्रेयॉनची जागा आणि खरवडलेली जागा असा भेद केला नाही, दोन्हींना तेल धरायला शिकवलं. या एका कामात सप्टेंबरची सगळी मेहनत जाता जाता राहिली.

दुरुस्ती: दगडावर शाई चढवून राळ आणि शंखजिरं लावलं, म्हणजे चित्र जपलं गेलं. मग गर्दीतले उजेड सुईनं आणि स्क्रेपरच्या कोपऱ्यानं शाईतून पुन्हा एकेक उघडले आणि प्रत्येकावर ब्रशनं 18 थेंबांचा एच. जे मुळात सैल होते ते आता थोडे बेतलेले दिसतात. माहितगाराला कळेल.

बरोबर पद्धत ही होती: तुरटीचं पाणी ब्रशनं फक्त ज्या जागी काळं वाढवायचंय तिथंच लावायचं, बाकी दगड डिंकाखाली झाकलेला ठेवायचा.

12 ऑक्टोबर

छपाई. दोन माणसं हवीतच, एक स्पंजनं दगड ओला ठेवायला, एक रोलरवर. ऑक्टोबरच्या उन्हानं दगड झपाट्यानं वाळतो. पंखा बंद, खिडकीला ओलं कापड. एकदा स्पंज उशिरा फिरला तर कडेला शाई धरली, ती डिंकाच्या बोळ्यानं काढली.

कागद सुती, 250 ग्रॅमचा, किंचित दमट. आधी हातकागद वापरून बघितला होता, त्याच्या पोतानं गोयाचा बारीक करडा गिळला. दाबपट्टीचा, म्हणजे कागद दगडावर दाबणाऱ्या प्रेसच्या पट्टीचा, दाब टप्प्यानं वाढवला. पूर्ण दाब पहिल्याच प्रतीला दिला तर दगडालाही धोका आणि शाई रेघांत पसरते.

आठ प्रती ठेवल्या, क्रमांक टाकले. बाकी न्यूजप्रिंट रद्दीत. गोलोंच्या कारागिरांनी प्रत्येक दगडावरून 100 काढल्या, तेही करडा न भरू देता. छापणाऱ्याचं नाव या चित्रांच्या चर्चेत तळटीपेसारखं येतं. मला तर वाटतं अर्धं श्रेय गोलोंचं. गोयालाही ते कळत असावं, त्याच वर्षी त्यानं गोलोंचं व्यक्तिचित्र दगडावरच काढलं. त्याआधी 1819 मध्ये माद्रिदला होसे मारिया कार्दानोच्या छापखान्यात त्यानं लिथो करून बघितलं होतं, पण या चारांची उंची त्यात नाही. मुद्रक चांगला भेटेपर्यंत ही रीत कुणालाच साधली नसती.

18 ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब, कुणी विचारेल म्हणून. दगड आणि वाहतूक 12,200. कार्बोरंडम सगळा मिळून 2,600. क्रेयॉन 1,960. शाई, टर्पेंटाइन, अस्फाल्टम, ॲसिड, राळ मिळून 3,100. चौकट 1,400. कागद 2,400. प्रेसचं भाडं धरलेलं नाही, ते सभासदांना नसतं. एकूण 23,660. दगड पुढं वर्षानुवर्षं चालतील, तरी आठ प्रतींसाठी हा आकडा घरी सांगण्यासारखा नाही. गोयालाही यातून फार मिळालं नाही. 'ताउरोमाकिया'चा 33 चित्रांचा संच त्यानं 1816 मध्ये 300 रेआलला (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) विकायला काढला होता, तोही मनासारखा खपला नाही, आणि बोर्दोच्या बैलांसाठी फेरेरला लिहिलेल्या पत्रात गिऱ्हाईक शोधायचीच विनंती आहे.

चित्राबद्दल दोघातिघांनी विचारलं की असल्या क्रूर खेळाची नक्कल का. मी महिनोन्‌महिने ते चित्र भिंगातून बघितलंय. त्यात बैलाची बाजू आणि माणसाची बाजू अशी वाटणी मला दिसली नाही. करमणुकीला जमलेली माणसं घाबरून पळताना दिसली, आणि शीर्षकात 'करमणूक' लिहिणाऱ्याचा तिरकस सूर ऐकू आला. हे माझं वाचन.

26 ऑक्टोबर

मोठा दगड अजून पुसलेला नाही, डिंकाखाली ठेवलाय. डिसेंबरात 'प्लासा पार्तिदा' घ्यायचंय, मध्ये कुंपण घालून दोन भाग केलेल्या रिंगणातल्या झुंजी. त्यात उजेडाचे मोठे सलग भाग आहेत, म्हणजे आडव्या ब्लेडचं काम जास्त आणि सुईचं कमी. या वेळी करडा थर चढवण्याआधी काळ्याच्या जागा गेरूनं खूण करून ठेवणार, त्या जागी स्क्रेपर जाणार नाही. तुरटी शक्यतो लागूच द्यायची नाही. ज्यांना दगड घासायला यायचंय त्यांनी शनिवारी सकाळी नऊला, जुने कपडे आणि डोक्याला रुमाल घेऊन.